कुणाचाच नसलेला वास

वहिनीला प्रश्न पडत. तसे सगळ्यांनाच पडतात म्हणा, पण आपले प्रश्न चहा निवेपर्यंत विरून जातात आणि वहिनीचे घरात मुक्कामाला येत. लिंबाच्या सालीत एवढं तेल असतं, तर ते हाताला तेलकट का लागत नाही? टोपल्याच्या टोपल्या गुलाब भट्टीत घालून चमचाभर तेल निघालेलं ज्याने पहिल्यांदा पाहिलं, तो तिथेच डोक्याला हात लावून कसा बसला नाही? दुसऱ्यांदा भट्टी पेटवायची उमेद त्याला कुठून आली? जेवायला बसलेल्या नवऱ्याला ती हे विचारी आणि तो बिचारा मान खाली घालून जेवत राही. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. वासाच्या बाबतीत देवाने त्याला अगदी कोरा धाडलेला. दूध करपून पातेलं काळं होई, तरी हा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेला सापडे.

वहिनीचा धंदाच वासाचा होता. रुग्णालयात एक वॉर्ड होता, तिथे लोक सकाळी येत, आरामखुर्चीत बसून शिरेतून केमोचं औषध घेत आणि दिवस कलला की घरी जात. त्या वॉर्डाच्या कोपऱ्यात वहिनीचं टेबल. टेबलावर तेलांच्या छोट्या बाटल्या, कापूस आणि झाकणाच्या चिमुकल्या बरण्या. बरणीत कापूस, कापसावर तेलाचे थेंब. ज्याला हवं त्याने झाकण उघडावं, हुंगावं, पुन्हा बंद करावं. कुणाची मळमळ कमी होई, कुणाला डुलकी लागे, कुणी नुसतंच म्हणे, बरं वाटलं बाई. तेलाने रोग जातो का, असं विचारणाऱ्याला ती तोंडावर सांगे, की जात नाही, आणि जातो म्हणणाऱ्याच्या दारात उभंसुद्धा राहू नका. वॉर्डात तिला सगळे तेलवाल्या बाई म्हणत.

तिचा एक नियम होता आणि तो मोडलेला तिला खपत नसे. ज्याला जो वास आवडतो, तो त्याने इथे आणायचा नाही. लोकांना हे उलटंच वाटे. अहो, जीव घाबरा झालाय तर आवडीचा वास नको का जवळ? नको. कारण पोट हा मोठा संशयी प्राणी आहे. ते ढवळून निघालं की त्याला आळ घ्यायला कुणीतरी लागतं. शिरेतून आलेलं औषध त्याला दिसत नाही, मग जो वास नाकाशी असेल त्याच्यावरच ते खापर फोडतं. एकदा फोडलं की फोडलं. संत्र्यावर जीव टाकणारा माणूस पुढे जन्मभर संत्रं दिसलं की तोंड फिरवतो.

हे सगळं मी पाल्हाळ लावून सांगतोय, कारण ह्याच्याशिवाय नकटीची गोष्ट कळायची नाही.

नकटी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. खरं तर तिचं नाक चांगलं सरळ होतं, पण लहानपणी दादाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलं, आणि गंमत अशी की ती पुढे नाकावरच जगली. साबणाच्या कारखान्यात सुवास खात्यात ती बसे. कारखान्यात तेलाचा जो जो ड्रम येई, त्याचं झाकण उघडलं की कागदाची पट्टी बुडवायची, नाकाशी न्यायची, आणि हा ठेवा किंवा परत पाठवा, एवढंच सांगायचं. जिरॅनियमच्या सुगंधी तेलात कुणी स्वस्तातलं काही मिसळलं असेल तर ती यंत्राच्या आधी ओळखे. लग्न तिने केलं नाही. विचारलं तर म्हणे, ज्याचा वास दिवसभर सहन होईल असा एकही भेटला नाही.

नणंद-भावजयीचं गूळपीठ पाहून दादाला कधीकधी वाटे की आपणच ह्या घरात पाहुणे आहोत. दोघी टेबलाशी समोरासमोर बसत, मध्ये चार बाटल्या, आणि मग कोण कुठे जेवलं आणि कोण कुठे उपाशी राहिलं, कशाचा पत्ता नाही.

नकटीच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता केमो घ्यावी लागेल, बऱ्याच फेऱ्या होतील. नकटी ऐकून घरी आली, चपला काढल्या आणि टेबलाशी बसली.

"केस जातील," ती म्हणाली. "जाऊ देत. नाहीतरी कारखान्यात टोपीच घालायची असते."

वहिनीने समोरची खुर्ची ओढली. नकटी आणखी काहीतरी सांगणार हे तिला कळत होतं.

"आमच्या खात्यात एक बाई होत्या. केमोहून परत आल्या त्या जिरॅनियमची पट्टी हातात घेतली की पळत मोरीवर जायच्या. जिरॅनियम नाही असा साबण किती, वहिनी? शेवटी त्यांना पॅकिंगला टाकलं. तिथे त्या खोकी चिकटवायच्या." नकटीचा आवाज जरा हलला. "मला मरणाची भीती वाटते, नाही असं नाही. पण ती सगळ्यांना वाटते. मला माझ्या नाकाची जास्त वाटते. नाक गेलं तर मी बरी होऊन करू काय? दादाच्या दुकानात चष्मे पुसू?"

"पुसलेस तर बरंच होईल," दादा आतून म्हणाला. पण त्याचाही आवाज धड नव्हता.

वहिनी उठली आणि आतली मोठी पेटी घेऊन आली. पोट आळ घेणारच असेल, तर कुणावर घ्यायचा ते आपणच ठरवून देऊ, असं तिचं म्हणणं. औषध चालू असताना नाकाशी एकच वास धरायचा, आणि तो असा हवा की ज्याच्याशी नकटीचं काही म्हणजे काही देणंघेणं नाही. आठवण नाही, काम नाही, माणूस नाही. पोटाने त्याला खुशाल शिव्या घालाव्यात. बाकी सगळे वास वाचतील.

"म्हणजे कुणाचाच नसलेला वास," नकटी म्हणाली.

"तोच."

"सापडेल?"

"न सापडायला काय झालं? एवढ्या बाटल्या आहेत."

पण सापडेना. माणसाच्या नाकात किती गर्दी असते ते त्या दिवशी दोघींना कळलं. लव्हेंडर बाजूला ठेवलं, ते कारखान्यात रोजचं. निलगिरीची बाटली उघडली तर नकटी म्हणाली, सर्दी झाली की आई रुमालावर टाकायची, आईला उलटीशी जोडू का? पुदिना नको, रोज सकाळी दात घासायचेत. लवंग उघडली तर दादाचा विषय निघाला. दाढ दुखत होती तेव्हा दादाने लवंगेचं तेल लावून दिलं होतं आणि अर्धी बाटली ओठावर सांडली होती.

"ती हलली म्हणून," दादा आतून म्हणाला.

देवदाराला पेन्सिलींचा वास येत होता, म्हणजे पहिली शाळा. आलं स्वयंपाकघरातलं. गुलाबाला तर हातच लावायचा नव्हता. वहिनी एकेक झाकण फिरवत होती आणि तिचं तोंडही चालू होतं, कारण बाटली हातात आली की तिची कथा सांगितल्याशिवाय वहिनीला चैन पडत नसे. युरोपात प्लेगच्या साथीत वैद्य पक्ष्यासारखी लांब चोच लावून फिरत आणि चोचीत सुगंधी पाला कोंबत, कारण वाईट वासातूनच रोग येतो अशी समजूत होती. लोबानाचे खडे मेलेल्या राजांसाठीही लागत आणि जिवंत देवांसाठीही. आणि लव्हेंडरवाला तो रसायनशास्त्रज्ञ, ज्याने ह्या सगळ्या उद्योगाला सुगंधोपचार असं नाव दिलं.

"तो हात भाजल्यावर लव्हेंडरच्या पिंपात बुडवणारा ना?" नकटी म्हणाली. "आमच्या प्रशिक्षणात सांगतात."

"पिंपबिंप काही नाही. मी शोधून काढलंय. प्रयोगशाळेत स्फोट झाला, भाजला, पुढे जखमा चिघळायला लागल्या, तेव्हा लव्हेंडरने धुतल्या आणि उतार पडला, असं त्याने स्वतः लिहिलंय. पिंप लोकांनी घातलं."

"लोकांना पिंप लागतंच."

"आणि मला एक कळत नाही, की त्याने लव्हेंडरच का घेतलं? हाताशी होतं म्हणून, की आधीपासून काही मनात होतं?"

"वहिनी, माझा वास."

"हो, हो. शोधतेय ना."

पेटीच्या तळाशी एक काळपट बाटली होती. वहिनीने ती कधीतरी नुसत्या कुतूहलापोटी मागवली होती आणि वॉर्डात कधी नेली नव्हती. तिने कागदाच्या पट्टीवर एक थेंब सोडला. थेंब निळा होता, दौतीतून उचलल्यासारखा. नकटी खुर्चीत पुढे सरकली.

"हे काय? रंग घातलाय?"

"रंग नाही. यॅरो नावाचं झुडूप आहे, रस्त्याच्या कडेला, माळावर कुठेही उगवतं. फुलं पांढरी. जुन्या लढायांत सैनिक त्याचा पाला चुरडून जखमेवर बांधायचे."

"पांढऱ्या फुलांचं निळं तेल?"

"झाडात निळं कुठेच नसतं. फूल चुरड, देठ पिळ, काही कर. भट्टीत वाफ लागली की आतलं एक द्रव्य मोडतं आणि त्याचा हा निळा होतो. आधी तो नसतोच."

नकटीने पट्टी नाकाशी नेली. डोळे मिटले. पुन्हा नेली. वहिनी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसली. नकटीच्या कपाळावर एक बारीक आठी येई, वास ओळखला की ती जाई. ह्या वेळी ती गेली नाही.

"गवत म्हणावं तर गवत नाही," ती म्हणाली. "जरा कापरासारखं आहे. खाली काहीतरी गोड आहे, पण खावंसं वाटणारं गोड नाही. वहिनी, मला काहीच आठवत नाहीये."

"कारखान्यात?"

"कोण आणेल? साबणात घातलं तर वडी मळकट हिरवी दिसेल. आमचा रंगवाला जीव देईल." तिने डोळे उघडले. तिला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. "एवढी वर्षं झाली, मी अनोळखी वास घेतलाच नव्हता गं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. हरकत नाही, म्हणाल्या, फक्त उलटी थांबवायची गोळी चुकवायची नाही. वहिनीने तरी ती कधी चुकवू दिली असती?

पहिल्या फेरीला वहिनी नकटीच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसली. एरवी ती बरणी रोग्याच्या हातात देई आणि आपल्या टेबलाशी परत जाई. बरणी ज्याची त्याच्या हातात हवी, हाही तिच्या कामातलाच एक दंडक. पण नकटीच्या एका हाताला सुई होती आणि दुसऱ्या हातात उलटीचं भांडं होतं, तेव्हा वहिनीने स्वतःच झाकण उघडून बरणी तिच्या नाकाशी धरली. आपल्याच घरची बाई, तिला काय बरणी देऊन निघून जायचं?

"बाई, तुम्ही थोडं खाऊन या, मी धरते," सिस्टर म्हणाली.

"राहू दे. ही किती वेळ धरायची, कधी लांब न्यायची, ते तुला नाही समजायचं," वहिनी म्हणाली. बरणी धरायला असं कितीसं शास्त्र लागतं! पण वहिनीला तिथून उठायचं नव्हतं.

असंच चालू राहिलं. दादाच्या घरी तेलांचे वास, म्हणून फेऱ्या संपेपर्यंत नकटी रुग्णालयाशेजारच्या धर्मशाळेत राहिली. दर फेरीला वहिनी, स्टूल आणि निळी बरणी. वहिनीच्या बोटांच्या टोकांना निळसर डाग पडले, बाह्यांना वास मुरला. नकटीला व्हायचा तो त्रास झालाच. केस गेले, तोंड आलं, उलट्यांनी पोटात काही ठरेना. पण फेरी झाल्यावर चार दिवस गेले की वहिनी तिच्यासमोर पट्ट्या मांडी आणि नकटी अंथरुणावरूनच एकेक हुंगे. जिरॅनियम ठीक. लवंग ठीक. गुलाब ठीक, पण ह्यात काहीतरी मिसळलंय, हा कुठून आणलास? त्या दिवशी वहिनीचा जीव भांड्यात पडला. मिसळलेलं कळतंय म्हणजे नाक शाबूत आहे. यॅरोची पट्टी मात्र नुसती दाराशी आणली तरी नकटी हात हलवून म्हणे, ने, ने ती. म्हणजे पोटाने आळ बरोबर ठरल्या ठिकाणी घेतला होता. वहिनी घरी जाऊन दादाला म्हणाली, की जसं व्हायला हवं तसंच्या तसं झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.

काही गोष्टी तिच्या नजरेतून सुटल्या. चौकस माणसाचं असं होतं बघा, जिथे बघायचं ठरवलंय तिथलं त्याला सगळं दिसतं. नकटी पुढेपुढे वहिनी आली की भिंतीकडे तोंड करून पडू लागली. बोलणं कमी झालं. एकदा तिने दादाला फोन करून सांगितलं, की जेवणाचा डबा तूच घेऊन ये, वहिनीला कशाला दगदग. वहिनीला ह्याचं कौतुकच वाटलं. एवढ्या आजारात हिला माझी दगदग दिसते, म्हणाली.

शेवटची फेरी झाली. नकटीला तिच्या खोलीवर जायचं होतं. कारखान्याजवळच्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानावर तिची खोली होती. डबा दादाच पोचवी. तिथे ती हळूहळू सावरली आणि एक दिवस टोपी घालून कामावर गेली. संध्याकाळी दादा दुकानातून आला तो उंबऱ्यातूनच बोलत आला. नकटीचा फोन होता, सगळे ड्रम उघडले, सगळे तपासले, एकाने मळमळलं नाही, आणि एक ड्रम तर तिने परत पाठवला, तो आधीच्या लोकांनी चांगला म्हणून ठेवून घेतला होता. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्या मनात आलं, की हा फोन नकटीने मला का केला नाही?

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गेली. नकटीचं नाक परत कामाला लागलेलं तिला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि विचारायचंही खूप होतं. तिने जिना चढून दार वाजवलं. दार उघडलं. नकटीच्या डोक्यावर बारीक केस आले होते, गालांवर रंग होता. तो रंग वहिनीच्या देखत उतरला. नकटीने तोंडावर हात दाबला आणि ती मोरीकडे पळाली.

वहिनी सवयीने तिच्यामागे धावली, पाठीवरून हात फिरवायला. तिचा हात लागला तशी नकटी आणखी वाकली.

"वहिनी, बाहेर जा," ती कशीबशी म्हणाली. "पाया पडते तुझ्या, बाहेर जा."

वहिनी बाहेर गेली. जिन्यात उभी राहून तिने बाही नाकाशी नेली आणि तिला वाटलं, अरे, यॅरो. कपड्यांत राहिलं असणार. घरी जाऊन तिने ते कपडे टाकून दिले, नखं कापली, बोटं घासून लाल केली, केस धुतले आणि पेटीला आठवडाभर हात लावला नाही. मग नवे कपडे घालून, नकटीच्याच कारखान्याच्या साबणाने अंघोळ करून, दादाकरवी निरोप धाडून ती पुन्हा गेली. ह्या वेळी दार उघडलंच नाही. आतून उलटीचा आवाज आला. ती खाली रस्त्यावर आली तेव्हा फोन वाजला.

"मी नाकाला चिमटा लावला होता," नकटी म्हणाली. ती रडत होती. "पोहताना लावतात तसला. मला काही वास येत नव्हता, शपथ. तुझी पावलं जिन्यावर वाजली आणि सुरू झालं. वास नाही गं वहिनी. तूच."

"कधीपासून?"

"दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून. मला वाटलं, औषध थांबलं की जाईल. तुला कोणत्या तोंडाने सांगू? तू स्टुलावरून उठत नव्हतीस."

"आणि फोनवर?"

"फोनवर चालतंय. फोनवर तू जरा पत्र्याची वाटतेस, तू वाटतच नाहीस."

वहिनी घरी आली आणि स्वयंपाकघरात खाली बसली. दादा समोर येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "पण ती बरी झाली ना? नाक वाचलं ना तिचं?"

"वाचलं," वहिनी म्हणाली. "मी सोडून सगळं वाचलं."

आणि ती हमसून रडली. तिला नकटीचा राग आला नाही, आला तो स्वतःचा. दुनियाभरच्या बाटल्या उघडून तिने कुणाचाच नसलेला वास शोधला, की काही गमावलं तर ते कुणाचं नसावं, आणि मग दर खेपेला तो स्वतःच्या हाताने धरला. पोटाने शेजारी कोण आहे ते पाहिलं आणि आळ घेतला. त्यात पोटाचं काय चुकलं? वॉर्डात इतक्या लोकांना तिने हा नियम समजावला होता, बरणी ज्याची त्याच्या हातात. तो कशासाठी आहे ते तिला आज कळलं. नकटीशिवाय टेबलाशी बसायचं कसं, हे मात्र तिला कळेना. पुढचे काही दिवस तिने कुणाला एकही प्रश्न विचारला नाही. दादा इतका धास्तावला, की जेवताना त्यानेच विचारून पाहिलं, लिंबाच्या तेलाचं काय झालं गं? तिने त्याच्या पानात भात वाढला.

मग एके सकाळी नकटीचा फोन आला. आवाज कामाचा होता, ड्रम परत पाठवतानाचा.

"वहिनी, ऐक. आमच्याकडे नवीन माणूस कधीकधी एखाद्या तेलाला बिचकतो. नुसतं नाव काढलं तरी नको म्हणतो. अशा वेळी आम्ही ते तेल त्याच्यापुढून काढून घेत नाही. काढलं तर भीती तशीच राहते. आम्ही ते पातळ करतो. इतकं पातळ, की आहे का नाही अशी त्यालाच शंका यावी. ते रोज हुंगायचं, मळमळायच्या जरासं अलीकडे थांबायचं, आणि मग हळूहळू दाट करत न्यायचं. काही महिने जातात. काहींना जमत नाही, ते मी खोटं नाही सांगणार. बऱ्याच जणांना जमतं."

"बरं."

"तर मला तुला पातळ करायचंय."

वहिनीच्या तोंडून गेलं, "माणूस पातळ कसा करायचा?"

"लांबून."

"किती लांबून? आणि समोरून, की पाठमोरी? वारा कुठल्या बाजूचा हवा? आधी नुसतं दिसायचं आणि मग आवाज, की दोन्ही एकदम?"

"आलीस का ठिकाणावर," नकटी म्हणाली.

त्यांनी ठरवलं ते असं. नकटीच्या खिडकीतून रस्ता पार वळणापर्यंत दिसे. वळणावर टपालाची पेटी होती. कारखाना सुटल्यावर वहिनीने तिथे येऊन उभं राहायचं, फोन कानाला लावायचा. नकटीने खिडकीत यायचं. नकटी जा म्हणाली की एक शब्द न बोलता निघायचं, आणि रुसायचं नाही.

वहिनी गेली. टपालपेटीशी उभी राहिली. रस्त्यावर लोक येत-जात होते, एकाने तिला विचारलं, कुणाची वाट बघताय का? ती हो म्हणाली. लांबवर शिंप्याच्या दुकानावरची खिडकी उघडली आणि तिच्यात काहीतरी हललं. टोपी असावी.

"दिसतेय का मी?" वहिनीने फोनवर विचारलं.

"ठिपक्याएवढी."

"कसं वाटतंय?"

"थांब, बघते." नकटीचा श्वास ऐकू येत होता. "दादा काय करतोय?"

"काल चहात मीठ घातलं. पिऊनही टाकला. त्याला कळलं नाही."

नकटी हसली. हसता हसता थांबली आणि तिने आवंढा गिळला. तो आवंढा वहिनीला ऐकू आला. तिने पाय मागे घेतला.

"ढवळतंय का? जाऊ मी?"

"ढवळतंय," नकटी म्हणाली. "जाऊ नकोस. थोडी थांब अजून."

वहिनी थांबली. एक सायकलवाला मधून गेला, शिंप्याने दुकानाबाहेरचा दिवा लावला, आणि खिडकीतली टोपी जागची हलली नाही.

"आता जा," नकटी म्हणाली. "उद्या त्या किराणावाल्याच्या पाटीपर्यंत ये."

वहिनीने पाटी नीट बघून ठेवली आणि ती घरी निघाली.